प्रतिसाद: डॉक्टरांनी राजकारणात पडू नये का?

सर, तुम्ही म्हणालात डॉक्टरांनी दवाखाना सांभाळावा, खासदारकी त्यांचं काम नाही, ते मला पटलं नाही. भागवत कराडांचंच बघा की. लहान मुलांचे सर्जन, मग औरंगाबादचे महापौर, गोपीनाथ मुंडेसाहेबांच्या जवळचे, मराठवाडा विकास मंडळाचे अध्यक्ष, 2020 ला राज्यसभा आणि 2021 ला थेट अर्थ राज्यमंत्री! संसदेत लोकांमधून निवडून गेले नाहीत हे खरंय, ते मलाही खटकतं, पण महापालिकेत गटार-पाण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे हो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानात एका प्रवाशाला घाम फुटला, बीपी खाली गेलं, तर हे मंत्री सीटवरनं उठून त्याचे पाय वर धरून ग्लुकोज देत होते, तो फोटो मी अजून मोबाईलमध्ये ठेवलाय.

आणि आपण सोलापूरकरांनी तरी असं बोलू नये. भैय्या चौकात आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला 1938 ला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, वय फक्त 32. ते राजकारणी नव्हते, मान्य, पण डॉक्टरकी चार भिंतीत मावत नाही हे आपल्याच गावानं दाखवलंय ना. आईला सिव्हिलला घेऊन गेलो की अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली माणसं केसपेपरच्या लाईनीत डबा उघडून बसलेली दिसतात, त्यांच्याबद्दल दिल्लीत बोलणारा माणूस ओपीडीत बसलेला असला तर मला बरंच वाटेल. फक्त तिथं गेल्यावर त्यानं ती लाईन विसरू नये, एवढंच मागणं आहे.