आधी हातमाग-यंत्रमाग बोर्डाचा हिशोब बघा

"निवडून न आलेली सगळी मंडळं-महामंडळं गुंडाळा, जनतेचा पैसा वाचेल" या म्हणण्याशी मी निम्माच सहमत आहे. राजकीय पुनर्वसनासाठीची अध्यक्षपदं, लाल दिव्याची हौस, हे बंद व्हायलाच हवं. पण गुंडाळतं कोण आणि कुणाला, तेही बघा. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये केंद्रानं हातमाग आणि यंत्रमाग ही दोन्ही अखिल भारतीय बोर्डं रद्द केली. ती नुसती सल्लागार होती, त्यामुळे पैसा वाचणार तरी किती? मात्र तिथं बिनसरकारी सदस्यांना बसायला जागा होती, तीही गेली. खातं आणि साहेब जागच्या जागी.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात चादर-टॉवेलच्या एका कारखानदाराला विचारलं, तर माग बंद न करताच ओरडून म्हणाला, "बोर्ड होतं होय? सुताचा भाव बोला की!" म्हणजे ते बोर्डही फार कामाचं नव्हतं, हे कबूल. खरी मोहीम स्मार्ट सिटीची कामं करायला काढलेल्या कंपनीवर काढा. त्यात निम्मा वाटा राज्याचा, निम्मा महापालिकेचा, आणि २०२२ च्या मार्चनंतर इथं महापालिकेतच प्रशासक बसला होता. तेव्हा प्रश्न विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता राव.