मनोहर जोशी: मुख्यमंत्री आधी की केंद्रात मंत्री आधी?

परळकर: लेकीला शाळेत त्यांच्यावर बोलायचंय आणि घरात क्रमावरून जुंपलीय. कोणी सांगेल का?

पार्कातला_कट्टेकरी: मुख्यमंत्री आधी. १९७६-७७ ला मुंबईचे महापौर, मार्च १९९५ ते जानेवारी १९९९ मुख्यमंत्री. त्याच वर्षी लोकसभेवर गेले, वाजपेयींनी अवजड उद्योग खातं दिलं. मार्च २००२ मध्ये तेव्हाचे लोकसभाध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, मे महिन्यात सर लोकसभेचे अध्यक्ष झाले. (कोहिनूर क्लासेसमुळे आम्हा दादरकरांसाठी ते कायम 'सर'च.)

माझं मत विचाराल तर त्यांना ती खुर्चीच जास्त शोभली. मुख्यमंत्री असताना रिमोट 'मातोश्री'वर होता, बाळासाहेब ते लपवतही नसत. उड्डाणपूल आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग त्यांच्याच सरकारने हाती घेतला, पण लोकांना आठवतात गडकरी. सरांच्या वाट्याला एक रुपयात झुणका-भाकर! दिल्लीत मात्र गोंधळी खासदारांना ते मास्तरासारखे खाली बसवायचे.

धारावी_६०फुटी: आणि २००४ ला आमच्या एकनाथ गायकवाडांनी पाडलं, ते सोयीस्करपणे गाळलंत?

पार्कातला_कट्टेकरी: गाळत नाही हो, दमतोय टाइप करून. मुंबई उत्तर-मध्यमधून पडले, लोकसभाध्यक्ष असताना. २००६ ला राज्यसभेवर गेले. विधान परिषद आणि विधानसभा आधीच झाली होती, म्हणजे चारही सभागृहं. परळकर, लेकीला हे नक्की सांगायला लावा.

परळकर: बायको जिंकली. आभार.