मदत हवी आहे: अँगस वळू निवडायचाय, दोघांपैकी कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धागा मांसासाठी पाळलेल्या गुरांबद्दल आहे, ज्यांना हा विषय नको त्यांनी कृपया पुढे जावं, इथे तो वाद नको.

मी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या न्यू इंग्लंड पठारावर ग्लेन इनेसजवळ असतो. बायकोची नोकरी इथल्या गावात आणि मी घरून काम करतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जमीन घेतली तेव्हा आधीच्या मालकाच्या गाई पण त्यातच आल्या. सध्या २२ गाई आहेत, बहुतेक ब्लॅक बाल्डी (म्हणजे अँगस आणि हेरफर्डचा संकर, काळं अंग पांढरं तोंड), आणि ९ कालवडी ज्या या मोसमात पहिल्यांदा लावायच्या आहेत. आत्तापर्यंत शेजाऱ्याचा वळू यायचा, आता त्याने गुरं कमी केली. आमच्या सांगलीकडच्या घरी खिलार होत्या पण तिथे वळू निवडणं म्हणजे आजोबा सांगतील तो, मला त्यातलं शून्य कळतं.

वासरं ८-९ महिन्यांची झाली की विकून टाकतो, चांगल्या चार-पाच कालवडी ठेवतो. बजेट ७ हजार डॉलरच्या आसपास. पुढच्या महिन्यात एका स्टडचा (पैदाशीची गुरं विकणाऱ्या फार्मचा) लिलाव आहे, कॅटलॉगमधून दोन वळू काढलेत, दोघेही दोन वर्षांचे. त्यांचे ईबीव्ही, म्हणजे वळूचे गुण काय आहेत त्याच्या अंदाजाचे आकडे, असे (वजनं किलोत):

पहिला: बर्थ वेट (जन्माचं वजन) +२.१, काविंग ईझ (वेत किती सोपं) +६, २०० दिवसांचं वजन +४५, ६०० दिवसांचं +९५. दिसायला जरा लहानखुरा.
दुसरा: बर्थ वेट +६.५, काविंग ईझ -४, २०० दिवस +५८, ६०० दिवस +१४०. एकदम राजबिंडा, फोटोतच घ्यावासा वाटतो.

शेजारी म्हणतो डोळे झाकून दुसरा घे, वजनाचेच पैसे मिळतात. एजंट पण तेच म्हणतो (तो म्हणणारच). वळू मात्र एकच परवडणार. गाई आणि कालवडी दोन्हींना एकच चालेल का, आणि हे ईबीव्हीचे आकडे नेमके वाचायचे कसे? इंग्रजीत बरंच वाचलं पण डोक्याचा भुगा झालाय.

गोठाप्रेमी
दादा मला आकड्यांतलं कळत नाही पण आमच्याकडे म्हणतात वळू बघताना मागून चालवून बघावा. पाय, खूर, अंडकोश. फोटोवर जाऊ नका. आणि कालवडींना मोठा वळू लावला आणि ती अडली तर रात्री बारा वाजता कोण येणार तुमच्याकडे तिकडे?

मिसूरीकर
मी अमेरिकेत मिसूरीत, सासऱ्यांची गुरं आहेत अँगसचीच. आकडे सोपे आहेत हो, घाबरू नका. ईबीव्ही म्हणजे त्या जनावराच्या जनुकांचं अंदाजे मोल (पैशांत नव्हे, गुणांत), आणि वासराला बापाकडून त्यातलं अर्धंच मिळतं. म्हणजे दोन वळूंत बर्थ वेटचा फरक ४.४ किलो दिसतोय तो वासरांत सरासरी २.२ किलो. आमच्याकडे ईपीडी लिहितात, ते आधीच अर्धे केलेले असतात, म्हणून अमेरिकन साइटवरचे आकडे तुमच्या कॅटलॉगशी लावू नका. दुसऱ्या जातीचे आकडे पण लावायचे नाहीत, हेरफर्डचा +४ आणि अँगसचा +४ एक नव्हे. काविंग ईझ मात्र जितकं जास्त तितकं सोपं वेत, तिथे वजा आकडा चांगला नाही. दुसऱ्याचं -४ म्हणजे कालवडींसाठी सरळ नकोच.

आता तुमचे शेजारी म्हणतात वजनाचे पैसे. हो, पण कुठल्या वयाचं वजन? तुम्ही ८-९ महिन्यांत विकता, तर ६०० दिवसांच्या आकड्याचा फायदा तुमच्याकडून घेणाऱ्याला होणार, तुम्हाला नाही. तुमच्या कामाचा आकडा २०० दिवसांचा. फरक १३, त्याचं अर्धं साडेसहा किलो. किलोला ४ डॉलर धरा (तुमचा भाव काय असेल तो टाका), वासरामागे २६ डॉलर, २५ वासरं विकली तर वर्षाला ६५० डॉलर. एक कालवड वासरासकट गेली की ते तर गेलेच, वर खिशातून जातील, आणि जी वाचते पण ओढून काढावं लागतं ती पुढच्या वेळी माजावर उशिरा येते. माझं मत पहिला.

डोंगरकडा
मिसूरीकरांचं गणित बरोबर पण अर्धंच. ज्या कालवडी ठेवणार त्यांचं काय? ६०० दिवस +१४० वाल्याच्या मुली मोठ्या होणार, खाणार जास्त. कॅटलॉगमध्ये मॅच्युअर काऊ वेटचा (पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाचा) आकडा पण असतो, तो बघा. तुमच्या पठारावर हिवाळ्यात चारा किती असतो माहीत नाही पण मोठी गाय दुष्काळात आधी वाळते.

आणि हे पण लक्षात घ्या, सलग तीन पिढ्या बाहेरून वळू आणले तर कळपातल्या नव्या कालवडींमधली साडेसत्त्याऐंशी टक्के जनुकं त्या तीन बापांची असतात. गाई कितीही चांगल्या असोत. म्हणून लोक वळूवर एवढा वेळ घालवतात, उगाच नाही.

तांबडीमाती
मी इकडे क्वीन्सलँडला पशुवैद्यक आहे, ब्राह्मण जातीची गुरं जास्त बघतो (मूळ पोस्टमधल्या दादांना कौतुक वाटेल, ब्राह्मणमध्ये गीर-नेल्लोर-गुजरातसोबत आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली पण आहे). तर अँगसबद्दल.

कुठलाही घ्या, आधी प्रजननक्षमता तपासणीचा रिपोर्ट मागा. दोन वर्षांच्या वळूचा अंडकोशाचा घेर ३४ सेंमीच्या वर हवा आणि वीर्यात निदान ७० टक्के शुक्राणू नॉर्मल हवेत. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे आज वळूला ताप आला तर परिणाम पुढे दिसतो, म्हणून सहा महिने जुना रिपोर्ट दाखवला तर नको म्हणा. वळू गाईंत सोडल्यावर पहिले काही दिवस स्वतः बघा, चढतोय का, नीट काम होतंय का. रिपोर्ट चांगला असून आळशी असलेले वळू मी पाहिलेत. ३ आठवड्यांनी बऱ्याच गाई परत माजावर दिसल्या म्हणजे उलटल्या, तर वाट बघत बसू नका, लगेच बोलवा कोणाला तरी.

दुसरं, पेस्टिव्हायरसची (गुरांतला एक संसर्गजन्य विषाणू) टेस्ट आणि व्हिब्रिओची लस झालीय का ते विचारा. व्हिब्रिओ वळूकडून गाईला जातो, गाभ राहत नाही किंवा लवकर जातो आणि वळू मात्र ठणठणीत दिसतो. तिसरं, अँगसमध्ये काही जन्मजात दोष अव्यक्त जनुकांतून येतात, त्यातला एएम सगळ्यात कुप्रसिद्ध, वासरू वाकडं आणि मेलेलंच येतं. कॅटलॉगमध्ये एएमएफ लिहिलं असेल तर मोकळा, एएमसी म्हणजे वाहक. तुमच्या गाईंमध्ये अर्धं अँगस रक्त आहेच, वाहक नको.

मिसूरीकर
आणि स्वभाव! डोसिलिटीचा पण आकडा असतो. घरात लहान मुलं असतील तर मी हा सगळ्यात वर ठेवीन.

डोंगरकडा
एक वेगळा विचार, परत अँगसच का? बाल्डीवर अँगस टाकला की संकराचा जोम (दोन जाती मिसळल्याने वासरांत येणारा जादा जोर) निम्मा होतो. पुढच्या कालवडी ठेवायच्या असतील तर हेरफर्ड किंवा तिसरी जात बघा की.

(धागाकर्ता)
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. डोंगरकडा, तुमचं पटतं, पण इथे बाजारात काळ्या वासरांना भाव जास्त मिळतो आणि मी बहुतेक विकतोच, त्यामुळे या वेळी अँगसच. जोमाचं पुढच्या वळूला बघू.

दुसऱ्याचं नाव काढून टाकलं. पहिल्याचा रिपोर्ट मागवला तर घेर ३६, शुक्राणूंचे पण आकडे ठीक, एएमएफ आहे. पेस्टिव्हायरसचं विचारलंय. शेजाऱ्याला सांगितलं तर म्हणाला "हं", यापलीकडे काही नाही.

आता दोन शंका. १५ नोव्हेंबरला सोडला तर २८३ दिवसांनी २५ ऑगस्टच्या आसपास वेतं सुरू होतील, तेव्हा इथे अजून थंडी असते, उशीर करू का? आणि हा वळू किती वर्षं ठेवायचा?

तांबडीमाती
गाईंसाठी ऑगस्ट अखेर चालेल, वसंतातलं गवत दूध वाढायच्या वेळेला मिळतं. कालवडी मात्र गाईंच्या तीन आठवडे आधी लावतात बरेच जण, पहिलटकरणीला पुन्हा माजावर यायला जास्त वेळ लागतो म्हणून. पण आधी वजन करा, पूर्ण वाढलेल्या गाईच्या ६५ टक्के तरी हवं. तुमच्या गाई ५५० किलोच्या असतील तर कालवड ३६० च्या आसपास. त्याखालच्या यंदा ठेवून द्या, नाहीतर विका.

वळू नऊ आठवडे आत ठेवा म्हणजे तीन माज मिळतात, मग बाहेर काढा आणि गाभण तपासणी करून घ्या. भाकड निघाली तिला प्रेमाने ठेवू नका.

किती वर्षं, तर हिशोब करा. पहिल्या मोसमातल्या मुली पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मतील, पंधरा महिन्यांच्या झाल्या की तिसऱ्या मोसमात लावायच्या, आणि तेव्हा वळू तोच असेल तर बाप-लेक होतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी ठेवलेल्या कालवडी वेगळ्या रानात आणि त्यांना कृत्रिम रेतन, किंवा वळू बदला. रेतनाला सगळ्या पहिल्याच खेपेत लागणार नाहीत हे धरून चाला.

गोठाप्रेमी
लिलावात किती लागले ते सांगा नक्की.

(धागाकर्ता)
सांगतो. ६ च्या वर गेला तर सोडून देईन असं बायकोला कबूल केलंय, कारण कुंपणाची एक बाजू अजून बाकी आहे.