लाकडी जमीन करकरते : आणखी खिळे ठोकावेत की दुसरा उपाय करावा?

प्रश्न
आमच्या वरच्या मजल्यावर तुळयांवर फळ्या ठोकून केलेली जमीन आहे. दाराजवळच्या पट्ट्यात पाय पडला की मोठ्याने करकर होते आणि शेजारच्या खोलीत निजलेले बाळ दचकून उठते. हवा कोरडी असली की आवाज वाढतो, दमट असली की जवळजवळ थांबतो. तेथे मी नवे खिळे ठोकले होते, परंतु दोन आठवड्यांत आवाज परत आला. माझे काय चुकले असावे?

उत्तर १
कोरड्या हवेत वाढणाऱ्या आवाजातच कारण दडलेले आहे. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, मात्र रुंदीत ते हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते; आकसले की खिळ्याची पकड सैल होते, फळी तुळईपासून केसभर सुटते आणि पाय पडताच खिळ्यावर किंवा शेजारच्या फळीवर घासते. गुळगुळीत खिळा पुन्हा सैल होतो, म्हणून स्क्रू वापरावा. ज्याच्या वरच्या भागाला आटे नाहीत असा स्क्रू घ्यावा, कारण पूर्ण आट्यांचा स्क्रू फळीतही अडकतो आणि मधली फट तशीच राहू शकते. फळी २० मिमी जाड असेल तर ५० मिमी लांबीचा स्क्रू पुरेसा होतो. आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते. जमिनीखालून वीज किंवा पाण्याची नळी गेलेली नाही, याची खात्री त्याआधीच करून घ्यावी.

उत्तर २
खालून तुळया दिसत असतील तर वरून भोके पाडण्याची घाई करू नये. एकाने वर सावकाश चालावे, दुसऱ्याने खाली उभे राहून नेमकी हलणारी जागा खडूने खुणावावी. तेथे तुळई आणि फळी यांच्यात फट आढळल्यास पातळ पाचरीला सरस लावून ती हाताने सरकवावी; हातोडीने जोरात ठोकल्यास फळी वर उचलली जाते आणि शेजारी नवी करकर सुरू होते.

प्रश्नकर्ता
खालून छत बंद आहे, त्यामुळे स्क्रूच लावतो. तोपर्यंत सांध्यांत तेल सोडले तर चालेल का?

उत्तर १
तेल कृपया सोडू नका. डाग पडतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. फळ्या एकमेकींवर घासत असतील तर सांध्यांत टाल्कम किंवा ग्रॅफाइटची पूड झाडल्याने काही काळ आराम पडतो. ग्रॅफाइट काळे असल्यामुळे फिकट लाकडावर टाल्कमच बरे.