मदत हवी आहे : नाताळची मध्यरात्रीची उपासना आणि स्पीकर

जय ख्रिस्त! पुण्यात २४ डिसेंबरची उपासना चर्चच्या पटांगणात, मांडवाखाली आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. घोळ इथेच आहे : घंटा बाराला, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) त्यानंतर. बंदिस्त सभागृहात आतल्यांपुरता स्पीकर चालतो, पण कनातीचा मांडव म्हणजे बंदिस्त नव्हे. ‘देवाचं काम, कोण विचारतंय’ हे बायबलमधला रोमकरांस १३ (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असं सांगणारा अध्याय) वाचणाऱ्यांनी तरी म्हणू नये.

तुमच्याकडे काय करता? साडेदहाला सुरू करून पावणेबाराला आटोपता, की बाराच्या ठोक्याला बॉक्स बंद करून पुढची गीतं नुसत्या पेटीवर? पोलीस ठाण्याच्या अर्जात बॉक्सची संख्या, दिशा लिहिता का? अर्ज किती दिवस आधी देता?