मदत हवी आहे: मिंगसच्या १९६४ च्या युरोप टूरच्या कॅसेट, नोंद कशी ठेवायची?

मंडळी, जॅझ ऐकणारं कोणी आहे का इथे? माझा मोठा मामा सत्तरच्या दशकात जर्मनीत नोकरीला होता, तो गेल्यावर मामीने बुटाच्या खोक्यात भरून अकरा कॅसेट माझ्या हवाली केल्या, म्हणाली तुलाच काय ते गाण्यातलं कळतं. कळतं कसलं डोंबल, मी आपला किशोरीताई ऐकणारा माणूस.

सगळ्या कॅसेट चार्ल्स मिंगस या अमेरिकन जॅझ बेसवादकाच्या नि त्याच्या बँडच्या एप्रिल १९६४ च्या टूरच्या. १० तारखेला अॅमस्टरडॅम, १२ ला ऑस्लो, मग स्टॉकहोम, कोपनहेगन, ब्रेमेन, पॅरिस असं करत २६ ला वुपर्टाल, २८ ला स्टुटगार्ट. कोणी रेडिओवरून उतरवलेलं, कोणी कोणाकडून कॉपी केलेलं. लॅपटॉपवर घेतोय एकेक, पण घोळ असा की रोज वाजवायचे तेच, 'फेबल्स ऑफ फॉबस' तर पाच कॅसेटमध्ये आहे आणि प्रत्येक वेळी अर्धा अर्धा तास, एकीत मध्येच बाजू संपलीय. आता फाइलची नावं फेबल्स-१, फेबल्स-२ अशी झालीत आणि कुठली कुठल्या गावची ते मलाच कळेना. एक्सेलमध्ये ओळ कॉन्सर्टची करायची की प्रत्येक तुकड्याची?

दुसरं म्हणजे एका कॅसेटवर मामाच्या अक्षरात 'पॅरिस १९ एप्रिल, गुडबाय पोर्क पाय हॅट' आणि बाजूला पेन्सिलने 'ट्रं?' असं काहीतरी. पण ट्रम्पेटवाला जॉनी कोल्स १७ तारखेला पॅरिसमध्येच आजारी पडून हॉस्पिटलात गेला आणि पुढची टूर पाच जणांनीच केली असं वाचलंय, मग या कॅसेटवर ट्रम्पेट स्वच्छ वाजतोय तो कोणाचा?? चार दिवस झाले डोकं खातंय हे.

प्रतिसाद १
ओळ तुकड्याचीच करा. आणि 'लेबलवर काय लिहिलंय' नि 'ऐकून काय ठरलं' हे दोन कॉलम वेगळे ठेवा, लेबल चुकलंय असं वाटलं तरी पहिल्या कॉलमला हात लावायचा नाही, फोटो काढून ठेवा. मूळ फाइल वेव्हमध्येच (न दाबलेली, पूर्ण आवाजाची) असू दे, एमपी३ पाठवापाठवीला. ब्रेमेनचं रेकॉर्डिंग २०२० मध्ये रीतसर निघालंय, वुपर्टालचं तर आधीपासून आहे, ऑस्लोचं टीव्ही चित्रीकरण आहे. त्यांच्याशी ताडून बघा, बँडमधल्या एरिक डॉल्फीची बेस क्लॅरिनेट कुठे सुरू होते ते मिनिट-सेकंदासकट टिपा. गत तीच असली तरी सोलो दोन रात्री सारखा वाजवत नाहीत ही माणसं, तुमच्या किशोरीताईंसारखंच.

प्रतिसाद २
ट्रम्पेट कोल्सचाच आहे हो. 'द ग्रेट कॉन्सर्ट ऑफ चार्ल्स मिंगस' नावाचा तीन एलपींचा सेट निघाला होता, त्यात पॅरिसच्याच शाँझेलिझे थिएटरच्या कॉन्सर्टला साल वाग्राम या दुसऱ्या हॉलमधला १७ तारखेचा एक तुकडा जोडून दिलाय. वर नावही चुकीचं छापलंय, तो तुकडा 'गुडबाय पोर्क पाय हॅट' नाहीच, 'सो लाँग एरिक' आहे. (एरिक म्हणजे डॉल्फी, टूर संपल्यावर युरोपातच राहणार म्हणाला होता. २९ जूनला बर्लिनमध्ये गेला, वय ३६.) थिएटरच्या कॉन्सर्टची तारीख एका रेकॉर्डवर १८ आणि दुसऱ्यावर १९ छापलीय, दोन्ही लिहून ठेवा. तुमची कॅसेट त्या एलपीवरून उतरवलीय का ते आधी बघा. संगीत शांत होतं तिथे टिक टिक येते का? ३३ च्या (मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवर चरा असेल तर टिक दर १.८ सेकंदाला पडते.

धागाकर्ता
आत्ता हेडफोन लावून बसलो होतो. तुकडा संपून टाळ्या ओसरतात तिथे बारीक टिक आहे, स्टॉपवॉच लावलं, दहा टिकांना बरोबर १८ सेकंद. म्हणजे रेडिओ वगैरे काही नाही, मामाने एलपीवरूनच घेतलंय. पहिल्या कॉलममध्ये त्याचं लेबल जसंच्या तसं, दुसऱ्यात 'सो लाँग एरिक, साल वाग्राम, १७ एप्रिल' लिहिलं.

आणि ते पेन्सिलचं 'ट्रं?' म्हणजे ट्रम्पेट. मी आपला समजत होतो की ही कॅसेट ट्रंकेत ठेवायची.