लॅक्टोकॉकस लॅक्टिस: एकच जाती, पण वाण किती वेगळे

चीजच्या विरजणातील लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जीवाणूचे सर्व वाण जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखेच असणार, असे एक मत मांडले जाते; त्याला थोडी पुरवणी जोडावीशी वाटते. दुधात वाढण्यासाठी लागणारी, म्हणजे लॅक्टोज वापरण्याची आणि केसीन हे दुधातील प्रथिन फोडणाऱ्या विकराची जनुके दुग्धव्यवसायातील वाणांमध्ये बहुधा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडांवर (गुणसूत्राबाहेरील छोट्या डीएनए-कड्यांवर) असतात. त्यामुळे प्लाझ्मिड गळाले की तोच वाण दुधात जेमतेम वाढतो. प्रयोगशाळांचा आवडता एमजी१३६३ हा वाण तर मुद्दाम प्लाझ्मिडमुक्त केलेलाच आहे. उलट वनस्पतींवरून मिळवलेले वाण अधिक प्रकारच्या शर्करा पचवतात आणि अमिनो आम्लांच्या बाबतीतही बरेच स्वावलंबी असतात, तर पिढ्यानपिढ्या दुधात राहिलेल्यांनी ही क्षमता बऱ्याच अंशी गमावलेली दिसते. (आयते जेवण मिळणाऱ्याने स्वयंपाक विसरावा, तसेच हे.) वर्गीकरणाचा घोळ आणखी वेगळा: या जातीच्या लॅक्टिस आणि क्रेमोरिस अशा उपजाती मानल्या जात; एमजी१३६३ जनुकांनुसार क्रेमोरिस, पण गुणधर्मांनुसार लॅक्टिस, आणि २०२१ मध्ये तर क्रेमोरिसला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. कारखानदाराला मात्र यापेक्षा कोणता वाण कोणत्या जीवाणुभक्षी विषाणूला बळी पडतो याची चिंता अधिक असते, आणि म्हणूनच विरजणातील वाण आलटूनपालटून वापरले जातात.